न सांगता कळणाऱ्या आईला

नमस्कार ताई,

माझी मुलगी ९ वर्षांची आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, व्हीलचेअर वापरते. ऐकू येतं, समजतंही सगळं, पण तोंडातून दोन-चार आवाजच निघतात. वर्षभरापूर्वी टॅबवर चित्रं दाबून बोलायचं अ‍ॅप सुरू केलं. थेरपीत वापरते, घरी फारसं नाही, कारण तिला काय हवं ते मला न सांगताच कळतं. आता तिच्या स्पीच थेरपिस्ट आणखी दोघींबरोबर उन्हाळ्याच्या सुट्टीत शिबिर घेणार आहेत. १० दिवस, रोज ४ तास, अशीच १२ मुलं. पहिल्या दिवसानंतर पालकांनी थांबायचं नाही, असं म्हणाल्या. सासूबाईंना वाटतं, यंत्राची सवय लागली की जे आवाज काढते तेही जातील. यांचं म्हणणं, न बोलणारी १२ मुलं एकत्र बसवून कोण कोणाकडून बोलायला शिकणार? त्यापेक्षा थेरपीची सेशन्स वाढवू. आणि मला वेगळीच भीती आहे. तिथे तिला काही झालं, कोणी काही केलं, तर ती सांगणार कशी? मी नसताना तिचं कोणाला कळणार? पाठवू का?

— एक आई

नमस्कार,

तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच ओळीपाशी थांबले: ‘तिला काय हवं ते मला न सांगताच कळतं.’ नऊ वर्षं लेकीची मान, डोळे, श्वास, हाताची मूठ वाचत आलेल्या बाईलाच ही ओळ लिहिता येते. त्यामागची मेहनत मला ठाऊक आहे. पण माझं सगळं उत्तर याच ओळीतून निघणार आहे, म्हणून ते आधीच सांगून टाकते. पाठवा. थेरपिस्टबाईंना काही प्रश्न विचारून, त्यांची उत्तरं पटली तर पाठवा, आणि शिबिर सुरू व्हायच्या आधी घरात एक-दोन गोष्टी बदला.

बोलायला शब्द लागतात, ते आता तिच्या टॅबमध्ये आहेत. बोट नेमक्या चित्रापर्यंत पोचावं लागतं, त्यावर थेरपीत काम चालू असेल. पण आणखी एक गोष्ट लागते, समोर असं माणूस, ज्याला अजून कळलेलं नाही. आपण सगळे बोलतो ते समोरच्याला माहीत नसतं म्हणून. तुमच्या लेकीला घरात हे माणूसच मिळत नाही. तिची मान वळायच्या आत खिडकी बंद झालेली असते, भुवई आक्रसली की उशी सरकवलेली असते. टॅब कपाटावर पडून राहतो यात आळस कोणाचाच नाही, त्याचं कामच पडत नाही. शिबिरात मात्र तिची मान वळलेली पाहून कोणालाही अर्थ लागणार नाही. तुम्हाला ज्याची भीती वाटते, तेच माझ्या मते पाठवण्याचं पहिलं कारण आहे.

मी स्वतः स्पीच थेरपिस्ट आहे आणि अशी शिबिरं बरीच वर्षं घेते आहे. पहिल्या वर्षी आम्ही थेरपीची खोलीच उचलून अंगणात मांडली. सकाळी चित्रांची ओळख, मग शब्दांचे गट, मग ‘हे काय आहे, दाखव बरं’. मुलं गुपचूप दाखवत होती. एक ११ वर्षांचा मुलगा मात्र दिवसभर ‘घरी’ हेच बटण दाबायचा, आणि आम्ही वहीत लिहायचो, आईची आठवण येते. चौथ्या दिवशी पाण्याचा खेळ होता. आमच्यातल्या एका ताईच्या अंगावर बादली उपडी झाली. तो असा हसला की खुर्ची हलली, आणि मग बोट शोधत शोधत स्क्रीनवर गेलं: ‘परत’. आम्ही दुसरी बादली ओतली. ‘परत.’ त्या दुपारी त्याने कितीदा ‘परत’ म्हटलं याची गणतीच राहिली नाही. मग ‘तू’ दाबलं आणि माझ्याकडे पाहिलं. चिंब भिजले मी. त्यानंतर त्या शिबिरात ‘घरी’ ऐकू आलं नाही. तीन दिवस आम्ही त्याच्याकडून उत्तरं मागत होतो, आणि त्याला आमच्याकडून काहीतरी करवून घ्यायचं होतं. दुसऱ्या वर्षीपासून आमच्या वेळापत्रकातून ‘दाखव बरं’ गेलं.

जेनिस लाइट या संशोधिकेने १९८८ साली माणूस संवाद कशासाठी करतो याची चार कारणं मांडली, आणि या क्षेत्रातली माणसं आजही त्यांचा आधार घेतात. हवं-नको सांगणं, माहिती देणं-घेणं, जवळीक साधणं आणि शिष्टाचार पाळणं. न बोलणाऱ्या मुलांच्या टॅबमध्ये डोकावलं तर बहुतेक वेळा पहिल्या कारणाचीच पानं भरलेली दिसतात: पाणी, शू, झोप, बंद कर. आपल्याला तिची काळजी घ्यायची असते म्हणून आपण तेवढंच भरतो. पण ९ वर्षांची बोलणारी मुलगी दिवसभरात काय बोलते ते एकदा कान देऊन ऐका. पाणी ती एकदा-दोनदा मागते. बाकी वेळ तिचं चालू असतं ‘बघ ना’, ‘ही अशीच करते’, ‘मी आधी’, ‘कोणाला सांगू नको हं’. जवळीक या शब्दांनी होते. थेरपीच्या खोलीत हे शब्द शिकवता येतात, वापरायला मात्र दुसरी मुलं लागतात.

म्हणूनच तुमच्या मिस्टरांच्या प्रश्नाला मी नीट उत्तर देणार आहे, कारण प्रश्न रास्त आहे. त्यात एक गृहीत धरलंय, की बोलणं बोलणाऱ्याकडूनच शिकता येतं. ते अगदी खरं आहे. फक्त तुमची लेक जी भाषा बोलते, चित्रांवर बोट ठेवून, ती बोलणारं माणूस तिने आजवर किती वेळ पाहिलंय? जेन कॉर्स्टन या स्पीच थेरपिस्टने मांडलेलं एक गणित आमच्या क्षेत्रात सगळीकडे सांगितलं जातं. बाळाच्या कानावर रोज ८ तास बोलणं पडतं असं धरलं, तर दीड वर्षाचं होईपर्यंत त्याने साधारण ४,३८० तास भाषा ऐकलेली असते. तेव्हा कुठे त्याच्या तोंडात मोजके शब्द येतात, आणि आपण त्याला उशीर झाला असं म्हणत नाही. चित्रांची भाषा मात्र मुलीला आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास दिसत असेल तर तेवढेच तास भरायला ८४ वर्षं लागतील. सेशन्स दुप्पट केली तरी ४२.

चांगल्या शिबिरात मोठी माणसं स्वतः चित्रांतून बोलतात. तोंडाने ‘चला, बाहेर जाऊ’ म्हणतात आणि त्याच वेळी बोटाने ‘जा’, ‘बाहेर’ दाखवतात. आम्ही याला मॉडेलिंग म्हणतो. मुलाने लगेच तसं करून दाखवावं अशी अपेक्षा नसते, जशी बाळाशी बोलताना आपली नसते. १० दिवस रोज ४ तास म्हणजे ४० तास. ४,३८०च्या पुढे ते फार नाहीत, हे मी लपवणार नाही. शिबिरातून मुलगी घडाघडा बोलत परत येईल असं कोणी सांगत असेल तर तिथे पाठवू नका. पण त्या ४० तासांत तुमच्या घरातलं कोणी एक दिवस जाऊन मॉडेलिंग कसं करतात ते पाहून आलं, तर उरलेले तास घरात भरायला सुरुवात होते. तुमच्या मिस्टरांनीच जावं असं मला मनापासून वाटतं. आणि सेशन्स वाढवायची असतील तर शिबिरानंतर वाढवा. तोवर तिला काय सांगायला आवडतं हे थेरपिस्टना कळलेलं असेल.

बाकीची ११ मुलं हा प्रश्नाचा दुसरा भाग. शाळेत, नात्यात, शेजारात तुमची लेक बहुधा एकटीच अशी आहे. सगळे तोंडाने बोलतात, ती बोटाने. ८ वर्षांची एक मुलगी आमच्याकडे यायची, चित्रांचा तक्ता समोर धरला की नजर फिरवायची. त्या वर्षी १५ वर्षांची एक मोठी मुलगी आली होती, नजरेवर चालणाऱ्या यंत्राने बोलणारी. खेळात कोणी नियम मोडला की ती यंत्रातून ठणकावून सांगायची, ‘हे चालणार नाही’. छोटी दोन दिवस तिच्या खुर्चीपासून हललीच नाही. तिसऱ्या दिवशी आपला तक्ता मांडीवर ठेवून घेतला. आम्ही तिला वर्षभर जे पटवत होतो ते त्या मोठीने न पटवताच झालं. अपंगत्व नसलेली भावंडंही काही शिबिरांत घेतात, तुमच्याकडे घेणार असतील तर उत्तमच. तीही हौसेने बटणं दाबायला शिकतात.

सासूबाईंची भीती जुनी आहे, आणि ती नातीवरच्या मायेतून आलेली आहे. तिला आकड्याने उत्तर देता येतं. डायन मिलर, जेनिस लाइट आणि राल्फ श्लॉसर यांनी २००६ साली त्या वेळपर्यंतचे अभ्यास एकत्र तपासले. ज्यांच्याबद्दल खात्रीने काही म्हणता येईल असे २७ जण त्यात निघाले. चित्रं, खुणा किंवा यंत्र दिल्यावर त्यातल्या ८९ टक्के जणांचं तोंडी बोलणं वाढलं, उरलेल्यांचं होतं तेवढंच राहिलं, कमी कोणाचंही झालं नाही. वाढ बहुतेकांची थोडीच होती, तेही खरं. म्हणजे यंत्राने तोंड उघडेलच असं वचन मी सासूबाईंना देणार नाही, पण तोंड बंद होत नाही हे त्यांना निश्चिंतपणे सांगा. तिचा ‘हो’चा जो आवाज असेल तो शिबिरातही बोलणंच मानला गेला पाहिजे. जिथे ‘आवाज नको, टॅबवर दाब’ असं म्हणतात तिथे माझा विरोध आहे.

आता तुमची भीती. हिच्यावर मला जास्त थांबायचंय, कारण ती निराधार नाही. २०१२ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जगभरातले अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष आला होता: अपंगत्व असलेल्या मुलांच्या वाट्याला हिंसा येण्याची शक्यता इतर मुलांच्या साडेतीन पटींहून जास्त आहे. त्यामुळे ‘उगाच काळजी करता’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. पण या भीतीला दोन बाजू आहेत. सांगता न येणारी मुलगी आईच्या नजरेआड असुरक्षित असते, आणि आई जन्मभर नजरेसमोर राहू शकत नाही. सुरक्षिततेचं कामही शब्दांपासूनच सुरू होतं.

आज टॅब उघडा आणि पाहा, त्यात ‘थांब’ आहे का, ‘नको’, ‘हात लावू नकोस’, ‘दुखतंय’, ‘मला भीती वाटते’, ‘आईला सांगायचंय’ आहे का. शरीराच्या सगळ्या अवयवांची नावं आहेत का, सगळ्या म्हणजे सगळ्या, ज्यांची नावं आपण घरात कुजबुजून घेतो तीही. कित्येक अ‍ॅपमध्ये ही चित्रं असतात पण मोठ्यांनीच संकोचाने लपवून ठेवलेली असतात. ती उघडा. मुलीला एखाद्या माणसाबद्दल काही सांगायचं असेल तर त्या माणसाचं नावही टॅबमध्ये असावं लागतं. म्हणून शिबिरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचा फोटो आणि नाव पहिल्या दिवसाआधी टॅबमध्ये घालून मागा. हे मागताना अवघडू नका. चांगल्या थेरपिस्टना याचं कारण समजावून सांगावं लागत नाही.

मग त्यांना हे विचारा. जेवण कोण भरवणार, आणि तिला गिळताना काही त्रास असेल तर भरवायची पद्धत त्या माणसाने तुमच्याकडून पाहून घेतली आहे का? स्वच्छतागृहात कोण नेणार, रोज तीच व्यक्ती का, आणि तेव्हा दुसरं कोणी जवळपास असेल का? झटके येत असतील तर औषध कोणाकडे, कोण देणार आणि दिलेलं कोण लिहून ठेवणार? १२ मुलांमागे मोठी माणसं किती? माझ्या अनुभवाने, हात-पायही नीट चालत नसलेल्या मुलांमध्ये दर मुलामागे एक माणूस लागतंच. मदतीला येणारे तरुण ताई-दादा असतील, तर त्यांना आधी किती दिवस शिकवलंय? नुसती हौस पुरत नाही. यातल्या एकाही प्रश्नावर ‘बघू तेव्हा’ असं उत्तर आलं तर तिथेच थांबा आणि पुन्हा विचारा.

एक प्रश्न वेगळा काढून सांगते. कोणी मुलाचा हात किंवा मनगट धरून अक्षरांवर नेतं आणि मग मुलाच्या नावाने लांबलचक वाक्यं तयार होतात, असं काही तिथे करणार आहेत का? १९९०च्या दशकात याच्या चाचण्या झाल्या. हात धरणाऱ्याला एक चित्र आणि मुलाला दुसरं दाखवलं, तर लिहून यायचं ते हात धरणाऱ्याने पाहिलेलं. वाक्यं मुलाची नव्हतीच. स्पीच थेरपिस्टच्या अमेरिकेतल्या मुख्य संघटनेने २०१८ मध्ये ही पद्धत वापरू नये असं पुन्हा स्पष्ट केलं. कोपराला किंवा हाताखाली असा आधार देणं, ज्यात बोट कुठे जाईल ते तीच ठरवते, ही निराळी गोष्ट आहे, त्याला हरकत नाही.

आणि ‘नको’चं काय करतात ते विचारा. तिने खेळाला ‘नको’ म्हटलं तर? नकार देण्याचा हक्क हा अमेरिकेतल्या एका राष्ट्रीय समितीने १९९२ मध्ये काढलेल्या संवाद-हक्कांच्या सनदेत लिहिलेला आहे. २०१६ मध्ये सनद सुधारली तेव्हा असे १५ हक्क झाले. शिबिरात तिचा ‘नको’ ऐकला गेला, तर जिथे खरंच गरज पडेल तिथे ती तो वापरेल. गंमत म्हणून गुदगुल्या चालू असताना तिने ‘थांब’ दाबलं आणि हात त्या क्षणी थांबले, तर ती काय शिकते ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

‘मी नसताना तिचं कोणाला कळणार’ याला एक साधं साधन आहे. स्कॉटलंडमध्ये १९९०च्या दशकात संवाद-पासपोर्ट नावाची कल्पना रुजली. छोटी फोटो असलेली वही, मुलाच्याच आवाजात लिहिलेली: मी हो असं म्हणते, नाही असं म्हणते. मान मागे टाकली तर मला दुखतंय, हसत नाहीये. मला उत्तर द्यायला वेळ लागतो, थांबा. तुमच्या डोक्यात नऊ वर्षांचा जो कोश आहे तो या वहीत उतरवा. दहा-बारा पानं पुरतात. लिहायला बसाल तेव्हा काही खुणांपाशी तुम्हीच अडखळाल, हिचा अर्थ नक्की हाच का, असं वाटेल. त्या खुणांच्या अर्थावर रेघ मारा, आणि लिहा, ‘याचा अर्थ मला विचारा’.

टॅब भिजतो, उन्हात त्याची स्क्रीन दिसत नाही, दुपारपर्यंत चार्जिंग संपतं. उन्हाळी शिबिरात हे रोज होतं. म्हणून कागदाचा तक्ता, प्लॅस्टिकमध्ये बंद केलेला, खुर्चीला बांधलेला हवाच. कागदाला कमी समजू नका. चार्ल्स ब्लिस यांनी वेगवेगळ्या भाषांच्या माणसांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून चिन्हांची एक लिपी तयार केली आणि १९४९ मध्ये छापली. तिच्याकडे फारसं कोणी वळलं नाही. १९७१ मध्ये टोरांटोतल्या एका केंद्रात सेरेब्रल पाल्सी असलेल्या, न बोलणाऱ्या मुलांसमोर ती चिन्हं तक्त्यावर मांडली गेली, आणि जगासाठी केलेली लिपी त्या मुलांची झाली. तेव्हा टॅब कुठे होते! तक्त्याच्या मागच्या बाजूला बाराखडी छापून घ्या. चित्रं दुसऱ्याने निवडलेली असतात, अक्षरांतून तिला कोणीच न दिलेला शब्दही काढता येईल. आज एकही अक्षर येत नसलं तरी छापा.

पहिल्या दिवसानंतर तुम्ही थांबू नये, हे थेरपिस्टबाईंचं म्हणणं मला पटतं. पण पालकांसाठी तिथे काहीच नसेल तर ती शिबिराची उणीव आहे. न्यू जर्सीमध्ये आवाजी यंत्रं वापरणाऱ्या मुलांचं ‘कॅम्प चॅटरबॉक्स’ नावाचं निवासी शिबिर बरीच वर्षं चाललं. तिथे पालकही यायचे, त्यांचं शिक्षण वेगळं व्हायचं आणि मुलं आपल्या उद्योगात असायची. तुम्हीही एवढं मागू शकता, की आठवड्यातून दोनदा शेवटचा अर्धा तास आम्हाला मॉडेलिंग दाखवा. पहिल्या दिवशी थांबाल तेव्हा मात्र तिच्या मागे बसा, समोर नको. समोर असलात की ती तुमच्याकडे पाहणार, तुम्ही उत्तर देणार. ताई तिला काही विचारतील आणि उत्तर यायला वेळ लागेल. मनात सावकाश दहापर्यंत मोजा, मग पुन्हा दहा. त्या शांततेत तुमच्या पोटात गोळा येईल, तोंड उघडेल. मिटून घ्या. तिचं बोट तोवर वाटेत असतं.

उरलेल्या दिवसांत घरी काय करायचं? टॅब कपाटावरून काढून तिच्या खुर्चीच्या ट्रेवर आणा आणि ती जागी असेपर्यंत तिथेच राहू द्या. तुम्ही स्वतः त्यावर बोला, दिवसातून पाच-सहा वाक्यं, चुकली तरी चालतील. एक करू नका. कळत असून न कळल्याचं सोंग आणू नका. पाण्याचं भांडं समोर धरून ‘आधी टॅबवर माग’ म्हणू नका. तुम्हाला कळतं हे तिला माहीत आहे, आणि तिला ती फसवणूकच वाटेल. त्यापेक्षा तिला ते विचारा जे तुम्हाला खरंच माहीत नाही. शाळेत आज राग कोणाचा आला? आजी बरोबर बोलली की बाबा? माझा हा रंग कसा दिसतो? याची उत्तरं देता येतील असे शब्द घाला: कंटाळा, वेडेपणा, मस्त, खोटं, गुपित, गप्प बस. सासूबाईंना ‘गप्प बस’ ऐकून धक्का बसेल. बसू दे.

शिबिरानंतर ती थोडी आडमुठी होऊन परत आली तर घाबरून मला पत्र लिहू नका. बरीच मुलं तशीच येतात. तुम्ही उशी सरकवाल आणि ती ‘नको’ दाबेल, कपडे काढाल आणि ‘दुसरा’ म्हणेल, सगळं दुप्पट वेळ घेईल. त्या महिन्यात कामं उरकायची घाई थोडी बाजूला ठेवता आली तर ठेवा. शाळा सुरू होताना पासपोर्टची वही आणि थेरपिस्टचं दोन पानी टिपण वर्गशिक्षकांना द्या, एवढं पुरेल.

एक गोष्ट राहिली. तुमच्या पत्रात सासूबाईंचं मत आहे, मिस्टरांचं आहे, तुमचं आहे, थेरपिस्टबाईंचंही आहे. तिचं नाही. म्हणून मला उत्तर लिहिण्याआधी तिला विचारा. शिबिराच्या जागेचा फोटो आणा, तिथल्या ताईंचे फोटो आणा, काय काय करणार ते दाखवा, आणि आई तिथे थांबणार नाही हेही सांगा. मग टॅबवर तीन चित्रं उघडी ठेवा: ‘जायचं’, ‘नाही जायचं’ आणि ‘आधी बघून येऊ’. तिसरं विसरू नका, नाहीतर ‘नाही’ आलं की ते भीतीचं आहे की मनाचं, कळायला मार्ग राहणार नाही. विचारून झालं की तिच्या चेहऱ्याकडे पाहू नका, टॅबकडे पाहा.